फटक्यांस नालायक

ता. २६ फेब्रुवारी १९१३, जव्हार

आज माझी काठी पकडली गेली. मी सुटलो, काठी अटकेत आहे.

बाजारात पाड्यांवरच्या तरुण पोरांच्या मारामाऱ्या वाढल्या, म्हणून बाजाराच्या दिवशी नाक्याच्या आत काठी आणू नये, अशी परवा दवंडी पिटली. हुकूम पोरांसाठी आहे असे मी, एक सुशिक्षित गाढव, समजून चाललो होतो. नाक्यावर शिपायाने सलाम केला आणि सलाम केलेला हात तसाच पुढे करून काठी मागितली. "साहेब, हुकूम सर्वांना." शिसवी काठी, पितळी मुठीची, सासऱ्यांनी दिलेली. त्या लग्नातून मिळालेल्यांपैकी आजवर कुरकुर न केलेली ती एकटीच. पंचनाम्यात तिची नोंद झाली: "हत्यार एक, मूठ धातूची." परत हवी असल्यास स्टँप लावून अर्ज करावा, अर्जात हत्यार बाळगण्याचे कारण लिहावे. कारण: चालणे. वय शेहेचाळीस, डावा गुडघा अधू, हुद्दा डॉक्टर, आणि दवाखाना चढावर.

रस्त्याच्या कडेला बगळ्यासारखा एका पायावर उभा होतो, तेवढ्यात नाक्यातून माघी आली. दवाखान्यात पाणी उकळायला लागणारे जळण ही बाई दर बाजाराला घालते. डोक्यावरची मोळी न उतरवता तिने वर हात घालून एक जाडशी काठी उपसली.

"घे दागतर. चढ."

"परत देईन बरं का."

"दे कव्हाबी. चुलीतच जायाची ती."

इथली माणसे सगळ्यांशी एकेरी बोलतात. देवाशी, वाघाशी आणि माझ्याशीही. पहिल्या वर्षी मला राग यायचा. आता बरे वाटते, कारण अहो-जाहो करणारे सगळे कचेरीत बसतात.

माघीची मोळी नाक्यातून बिनहरकत आत आली, हे नमूद करून ठेवतो. तीत काठ्या अदमासे चाळीस होत्या.

ता. ४ मार्च

दिवाळीपासून मी जखमांची एक वही ठेवली आहे. तारीख, वय, पाडा, जखम कशाने, जखम कुठे झाली. सावळा म्हणतो की मेलेल्यांची वही ठेवतात, फुटलेल्यांची कशाला? सावळा हा माझा मलमपट्टीवाला, वय पंचावन्न. तो दवाखान्याच्या आधीपासून इथे आहे आणि दवाखान्यानंतरही राहील अशी माझी खात्री आहे.

वही असे सांगते. काठीबंदीच्या आधी एकतीस पोरे आली, त्यांतली चोवीस काठीने फुटलेली. बंदीनंतर आठवड्यात तीन आली. काठीचे एकही नाही, तिन्ही कोयत्याचे. काठीने टेंगूळ येते, कोयत्याला टाके लागतात. हे मी सविस्तर लिहून न्यायाधीशांकडे पाठवले. आज उत्तर आले: "काठीच्या मारामाऱ्या शून्यावर आल्याचे वाचून समाधान वाटले."

न्यायाधीशांचे नाव रावसाहेब उकिडवे. ते स्वतः खुर्चीखेरीज कुठे बसल्याचे ऐकिवात नाही. उकिडवे बसतात ते त्यांच्यासमोरचे सगळे. त्यांचे मत असे की ही पोरे रक्तानेच तापट, आणि वेत हाच त्यावर उतारा. वेत खाल्लेला प्रत्येक पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीला मलम लावायला माझ्याकडे येतो. दिवाळीपासून असे नऊ आले. त्या नवांतले पाच नव्या मारामारीत फुटून पुन्हा आले. ज्या औषधाने नवांतले पाच रोगी पुन्हा आडवे होतात ते मी दिले असते, तर मला हद्दपार केले असते.

त्या नऊ पाठीही मी वहीत घेतल्या आहेत. जखम कशाने: वेताने. कुठे: कचेरीत. सावळा म्हणाला, "खोड ते." खोडले नाही.

ता. २८ मार्च

शिमगा झाला की इथे बोहाडा असतो. देवांची आणि राक्षसांची सोंगे, म्हणजे छातीपर्यंत येणारे लाकडी मुखवटे, चढवून माणसे संबळाच्या तालावर नाचतात. शेवटी देव-राक्षसांची लढाई होते, लाकडी तरवारींनी. मोखाड्याच्या वाटेवर दोन कोसांवर वरचा पाडा आणि खालचा पाडा आहेत, त्या दोघांचा बोहाडा एकच.

आज सकाळी तिथून एक पोरगा दुसऱ्या पोराला पाठंगुळीला मारून दोन कोस चालत आला. पाठीवरचा सोम्या, खालच्या पाड्याचा. कानामागे चार बोटे लांबीची जखम, कवटी शाबूत. आणणारा लाडक्या, वरच्या पाड्याचा, सतरा-अठराचा, सोम्याच्या रक्ताने कमरेपर्यंत भिजलेला.

चौकीला पाठवायचा फॉर्म मी पुढे ओढला. रकाना चौथा.

"कुणी मारलं?"

"मीच," लाडक्या म्हणाला. पाणी कुणी भरले असे विचारल्यावर सांगावे, तसे.

मी लिहिले. अकरा टाके घातले. सोम्याने एकदाही हाय केले नाही, फक्त लाडक्याला म्हणाला, "तोंड तिकडं कर, भ्यालास जसा." लाडक्याने खरेच तोंड फिरवले.

मी फॉर्मवर टिपकागद दाबत होतो तेव्हा सावळा जवळ येऊन म्हणाला, "तो रकाना रिकामा ठेवता येतो."

"खोटे कागद करू?"

"रिकामा म्हन्जे खोटा नाय, दागतर."

दप्तर कसे ठेवावे यावर मी त्याला थोडे ऐकवले. तो ऐकून घेतो. तीस वर्षांत त्याने सहा डॉक्टर ऐकून घेतले आहेत.

ता. २९ मार्च

लाडक्याला चौकीवाल्यांनी दवाखान्यातूनच नेले. सोम्याच्या खाटेशी बसून तो त्याला पेज पाजत होता. वाटी सोम्याच्या हातात देऊन उठला. शिपायाने विचारले, "लाडक्या कोण?" तर हा म्हणतो, "मी. चल."

दुपारी माघी जळण घेऊन आली तेव्हा कळले की लाडक्या तिचाच मुलगा. तिने फॉर्मबद्दल अवाक्षर काढले नाही. एवढेच विचारले, "राबाच्या आधी सुटंल ना?"

राब म्हणजे भाताच्या रोपासाठी भाजायची जमीन. तोडलेल्या फांद्यांची कवळे, पाला, शेण असे थरावर थर रचून उन्हाळ्यात पेटवायचे. तो नीट जळला तर रोप, रोप नाही तर भात नाही. माघीचा नवरा दोन वर्षांमागे गेला. कवळे तोडून पडली आहेत, रचायला लाडक्या हवा.

मी म्हटले, "अगं, सोंगातला अपघात तो. चार दिवसांत घरी येईल. मी आहे ना."

ता. ५ एप्रिल

आजची सुनावणी जशी ऐकली तशी उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

रावसाहेब: "तू सोम्याच्या डोक्यात तरवार मारलीस?"

लाडक्या: "मारली. पर मी सोंग घेतलं होतं."

रावसाहेब कारकुनाकडे वळले. "लिहा. आरोपी सोंग घेतल्याचे कबूल करतो. कशाकरता घेतलंस सोंग?"

"माझा मान हाय. बापाकडं होता. बाप मेला, मंग मी घेतो."

"लिहा. आरोपीच्या घराण्यात सोंगे करण्याची जुनी वहिवाट आहे."

मी उभा राहिलो. "रावसाहेब, सोंग म्हणजे इथे मुखवटा. राक्षसाचा मुखवटा चढवला होता असं तो म्हणतोय."

"डॉक्टर, मला मराठी येतं. मी पुण्यात शिकलो आहे."

"तीच अडचण झालीय."

हे वाक्य मी बोलायला नको होते. बोललो मी, भोगेल दुसराच कुणी.

मुखवटा मुद्देमाल म्हणून टेबलावर होता. मी परवानगी मागितली आणि तो चढवला. आतून स्वतःच्या पायाची बोटे दिसतात, बाकी अंधार. समोर रावसाहेब दिसत नव्हते. ही सोय प्रत्येक सरकारी नोकराला असावी. मुखवट्यातून मी मोठ्याने सांगितले की या स्थितीत कुणाला नेम धरून मारणे अशक्य आहे, आणि तसे शपथेवर लिहून दिले. रावसाहेबांना किंचित पटल्यासारखे दिसले. तेवढ्यात लाडक्या मदतीला धावला.

"तूबी घालून बघ ना," तो रावसाहेबांना म्हणाला.

कचेरीत टाचणी पडली असती तर तिलाही समन्स निघाले असते.

"तू?" रावसाहेब म्हणाले. "मला तू? लिहा. आरोपी उद्धट."

बारा वेत.

ता. ७ एप्रिल

वेत मारण्याआधी डॉक्टरने आरोपी सोसायला लायक असल्याचा दाखला द्यावा लागतो. आजवर अशा नऊ दाखल्यांवर मी सही केली आहे. काय करणार, पोरे धडधाकट होती.

आज तुरुंगात लाडक्याला तपासले. हिवतापाने पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, बरगडीखाली चार बोटे. एक वेत चुकून कुशीत बसला तर आतल्या आत फुटायची. मी बारीक निबाने लिहिले: "आरोपी फटक्यांस नालायक." खाली सही, तारीख, शिक्का. आज प्रथमच मला माझी सही देखणी वाटली. घरी येऊन दोन पेले चहा प्यालो.

कचेरीत कारकुनाने दाखला वाचला तो असा: "डॉक्टरांच्या मते आरोपी नालायक आहे." रावसाहेबांनी मान डोलावली म्हणे. आमचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

ता. ९ एप्रिल

वेत सोसवत नसतील तर त्यांच्या बदली कैद द्यावी, असे कायद्यात आहे. मी वाचले नव्हते. रावसाहेबांनी वाचले होते. तीन महिने सक्तमजुरी.

माघी आली. तिने बोटांवर मोजले. "चैत. वैशाख. जेठ." मग हात खाली ठेवला. "म्हन्जे राब नाय. पेराबी नाय."

मी समजावू लागलो.

"फटके म्हन्जे एका सकाळचं काम," ती म्हणाली. "दुपारी घरी आला असता. पाठ काय, सुकती."

"माघे, त्याच्या पोटात पाणथरी वाढलीय. एक फटका वाईट बसला असता तर मेला असता."

"आमच्यात समद्यांचीच वाढलीय ती. कोन मेला?"

याला माझ्याकडे उत्तर होते. मरतात, आणि ते माझ्या दुसऱ्या वहीत आहेत. दिले नाही.

मग ती जरा पुढे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता लिही ना, लायक हाय म्हनून. तुझंच अक्षर हाय. तूच नाय लिवलंस, तूच हाय लिव."

पोराला फटके मारा म्हणून आई माझ्या पाया पडत होती आणि मी पाय मागे घेत होतो. आता लिहिले तरी उपयोग नाही हे मी तिला सांगितले. खरे होते. पण उपयोग असता तर लिहिले असते का, हे तिने विचारले नाही म्हणून बरे.

तिची काठी भिंतीशी उभी होती. "ही तुझी काठी," मी म्हटले. ती न बघता गेली.

ता. १० एप्रिल

मी चुकलेलो नाही. पाणथरी चार बोटे होती.

ता. १५ एप्रिल

माघी आता येत नाही. जळण सावळ्याच्या हाती येते.

सोम्याची जखम भरली. आज शेवटची पट्टी काढताना तो म्हणाला, "दागतर, तू कचेरीत सांगितलंस मुखवट्यातून दिसत नाय म्हनून?"

"सांगितलं की. शपथेवर."

तो खाटेवर पडून हसला. "दिसतं रे! तुला सवय नाय. मुंडी खाली घालायची नि नाकपुडीतून बघायचं."

मी पट्टी हातातच धरून उभा. "म्हणजे लाडक्याने मुद्दाम मारलं?"

"मंग? मुद्दामच. चार दिस आधी मी त्याला वाटेवर दरडीखाली ढकलला होता. त्याच्या आधी त्यानं आमच्या रंगूचा दात पाडला."

"अरे पण कशासाठी?"

"पुढं जायाला."

कुणालाही माहीत असावे अशा सुरात तो सांगत होता, आणि बाजूला सावळा मान हलवत होता. म्हणजे सावळ्यालाही माहीत होते! मोखाड्याच्या वाटेला हद्दीपलीकडे लाकडांची वखार आहे. तिथला मुकादम रोज सकाळी पहिल्या चाळीस जणांना कामावर घेतो, बाकीच्यांना परत लावतो. वरच्या पाड्यावरून पस्तीस पोरे निघतात, खालच्या पाड्यावरून तीस. खिंडीत वाट एका माणसापुरती. जो पाडा आधी खिंडीत शिरतो त्याला काम मिळते. मग रोज उजाडायच्या आत धावाधाव, ढकलाढकली, दगड, कोयते. बाजारात होते ती उरलेली मारामारी, सकाळची शिळी.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी सावळ्याला विचारले.

"तू इचारलंस, कशानं मारलं. कुटं मारलं."

वही उघडली. पाच महिने मी पट्टीने आखून रकाने पाडले होते. तारीख, वय, पाडा, कशाने, कुठे. "का" हा रकाना नव्हता. चौकीच्या फॉर्मात "कुणी" आहे, माझ्या वहीत "कशाने" आहे. "का" कुणाच्याच कागदावर नाही. नवा रकाना पाडला आणि सोम्या नि सावळा यांना समोर बसवले. वेताच्या नऊ पाठी सोडून एकूण जखमा एक्केचाळीस. त्यांपैकी एकोणतीस: "पुढं जायाला."

"आणि तू? तुला लाडक्याचा राग नाही?"

"कशाचा? सोंग उतरलं तव्हाच त्यानं नारळ फोडला, मी खोबरं खाल्लं. मिटलं. त्यानंच तर आनलं ना मला." टाक्यांचा व्रण चाचपत तो म्हणाला, "तू लिवलंस म्हनून मधी कचेरी आली."

ता. १७ एप्रिल

वही घेऊन रावसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकले. ते शांत असले की मला धडकी भरते.

"वखार कुठे आहे?"

"मोखाड्याच्या बाजूला."

"म्हणजे संस्थानाबाहेर, इंग्रजी हद्दीत. आपला अधिकार नाही. आणि डॉक्टर, कारण सापडलं म्हणून गुन्हा कमी होतो का?"

"रावसाहेब, पटकी आली तर आपण रोग्याला वेत मारत नाही. विहीर बघतो."

"पटकीचा रोगी कुणाचं डोकं फोडत नाही."

"ही विहीर फोडायला लावते."

त्यांनी मला विड्याचे तबक पुढे केले. याचा अर्थ उठा.

परतीच्या वाटेवर वखारीचा मुकादम भेटला, बाजाराला आला होता. त्याला म्हटले, दोन पाड्यांना दोन वेगळे दिवस नेमून दे. तो हसला. "दागतरसाहेब, पोरं धावत येतात म्हणून तर झपाट्यानं कामाला लागतात. चालत येणारा मजूर भाव सांगतो."

माणूस निदान खरे बोलला. या महिन्यात मला भेटलेला तो पहिला प्रामाणिक अधिकारी, आणि तो नेमका बदमाश निघावा!

घरी आलो. कुणावर तरी ओरडावेसे वाटले. कुणी नव्हते.

ता. २१ एप्रिल

नाशकाकडे प्लेग आहे. दरवर्षीच असतो. पण दरवर्षी मला त्याचा इतका आनंद होत नाही. देव क्षमा करो.

प्लेगच्या काळात हद्दीवरच्या नाक्यावर ये-जा कशी असावी हे डॉक्टर ठरवतो, असा जुना हुकूम सावळ्याने दप्तरातून काढून दिला. त्याला वाचता येत नाही, पण कोणता कागद कुठे आहे ते वासाने कळते. मी मसुदा केला: "सांसर्गिक विकाराचा फैलाव टाळण्याकरता एका दिवशी एकाच पाड्याच्या इसमांस हद्दीपार जाऊ द्यावे. सम तारखेस वरचा पाडा, विषम तारखेस खालचा. नाक्यावर प्रत्येकाची जीभ पाहावी." जीभ पाहण्याचे काही कारण नाही. पण त्याशिवाय हुकूम वैद्यकीय वाटत नव्हता.

विकार कोणता ते लिहिले नाही. डोकेफोड हाही सांसर्गिक विकार आहे हे मी कोणत्याही परिषदेत सिद्ध करून दाखवीन. एकोणतीस रोगी आहेत माझ्याकडे.

रावसाहेबांचीही सही लागत होती. प्लेगचे नाव निघताच त्यांनी तोंडाला रुमाल लावला. "ताबडतोब, डॉक्टर, ताबडतोब." न वाचता सही केली. जाताना त्यांनीच मला जीभ दाखवली. मी ती गंभीरपणे पाहिली.

ता. ६ मे

पंधरा दिवसांत जखमा दोन. एक बैलाने मारलेली, एक झाडावरून पडल्याची. खिंडीतून पोरे चालत जातात, गात जातात. आपल्या पाड्याचा दिवस असला की सगळ्यांना काम मिळते. मुकादमाने तक्रार केली की पोरे भाव सांगू लागली. वखारीत लाकडे ओढायला बैल आणतो म्हणतो. आणू दे. बैल एकमेकांची डोकी फोडत नाहीत, ते माणसांसारखे नसतात.

रावसाहेबांचा वार्षिक अहवाल तयार झाला. कारकुनाने मला वाचून दाखवला: "काठीबंदी व वेताची शिक्षा यांमुळे तरुणांतील दंगेखोरीस पायबंद बसला." मी काय बोलणार? खरे सांगावे तर प्लेगचा हुकूम खोटा होता हे कबूल करावे लागते.

एक कागद मात्र आज माझ्या नावाचा आला. काठी परत मिळाली. मुठीला लाखेचा शिक्का आणि चिठ्ठी: "हत्यार क्र. १." अर्जावर निर्णय व्हायला सत्तर दिवस लागले. लाडक्याचा निर्णय दहा मिनिटांत झाला होता.

तुरुंगाच्या फेरीत तो भेटला. खडी फोडतो. क्विनीनने पाणथरी तीन बोटांवर आली आहे. त्याने विचारले, "दागतर, राब रचला का आईनं?" मी म्हटले, चौकशी करतो. सावळ्याकडे चौकशी केली. अर्धा रचलाय, एकटीच आहे. खालच्या पाड्याचा सोम्या एक दिवस येऊन गेला, पण त्याचाही राब आहे.

ता. ९ मे

पाड्यांवर देवी टोचलेल्या मुलांचे व्रण तपासण्याचा दौरा काढला आहे. असा दौरा आजवर कुणी काढलेला नाही, कारण व्रण पळून जात नाहीत. पेटी उचलायला हमाल हवा, हमाल मिळत नाही, सबब तुरुंगातून एक धडधाकट कैदी तीन दिवसांकरता द्यावा, सोबत शिपायाऐवजी सावळा राहील, असा अर्ज केला. कैद्याचे नाव मी लिहिले नाही. तो रकाना रिकामा ठेवला.

सावळ्याने पाहिले. दौत तेवढी उचलून नेऊन नीट ठेवली.

ता. १२ मे, वरचा पाडा

पाड्यावर मुले अकरा. पहिल्या दिवशी चार तपासली, दुसऱ्या दिवशी चार, आज तीन. अशा संथ गतीने काम करणारा अधिकारी लवकर वर चढतो. लाडक्याने पेटी माझ्या पडवीत ठेवली ती तीन दिवस तिथेच आहे. तो नि माघी उजाडल्यापासून रानात. काल सोम्याही आला, डोक्याला फडके गुंडाळून. दोघे कवळांचे भारे पाठीवर घेऊन चढण चढत होते. सोम्या पुढे, वाट एका माणसाची. वर पोचून सोम्या बाजूला झाला आणि म्हणाला, "जा पुढं, कैदी." लाडक्याने त्याला भाऱ्यानेच ढकलला. मी वहीला हात घालणार होतो, घातला नाही.

माघी तीन दिवसांत माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र तिच्याच घरून येते, सावळ्याच्या हाती.

आज दुपारी राब पेटवायचा होता. उद्या सकाळी लाडक्याला परत तुरुंगात पोचवायचे आहे. अजून दोन महिने. पेरा त्याच्याविना होईल, त्याला माझ्याजवळ कोणताही विकार नाही, कोणताही दौरा नाही. रात्री बरेच शोधले.

मी रानात गेलो. पितळी मुठीची काठी जव्हारलाच ठेवली आहे. हातात माघीची होती, फेब्रुवारीपासून वापरून वापरून धरायच्या जागी गुळगुळीत झालेली. राब वाफाभर पसरला होता. शेण, पाला, वर कवळे, त्यावर मातीचा पातळ थर. एका कडेला फांद्यांचा थर जरा विरळ होता. मी वाकलो, तिथे काठी आडवी सारली आणि वरून पाला ओढला.

पाठ वळवली तर माघी उभी होती. कधीपासून होती कोण जाणे.

"वली नाय ना?" ती म्हणाली.

"नाही. सुकलीय."

तिने खाली वाकून काठी थोडी आत ढकलली, हवा लागेल अशी. मग लाडक्याला हाक मारली, "पेटव रं."